बरण्या उन्हात घाला

स्वस्थ बस गं जरा, आणि हे पत्र वाचताना तरी मला मध्येच तोडू नकोस. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, फुकटच वाटलं होतंस ना, मग आता कंपनीशी भांडण कशाला?" आयटीत नोकरी करतेस, आणि तुला एवढं कळू नये?

पंचांगाचा तो प्रोग्रॅम मी बुधवार पेठेतून जुनी पुस्तकं आणून, चुकत चुकत लिहिला. नेटवर टाकताना अट स्वच्छ घातली होती. वापरा, बदला, विकासुद्धा. फक्त माझं नाव पुसू नका, आणि ज्याला विकाल त्याला तुमच्या बदलांसकट सगळा कोड द्या. फुकट म्हणजे बेवारशी नव्हे.

त्यात वैशाख वद्य द्वितीयेला माझी एक ओळ होती, 'बरण्या उन्हात घाला.' आमची आई लोणच्याच्या बरण्या त्याच दिवशी वाळवायची. दुसऱ्या कुठल्या पंचांगात हे सापडायचं नाही.

गेल्या वर्षी शेजारचे मास्तर दारात आले. त्यांनी भिंतीवरचं नवं पंचांग-घड्याळ घेतलं होतं. "अहो, हे घड्याळ मला बरण्या वाळवायला सांगतंय. आपलीच फूस दिसते." मी जाऊन पाहिलं, हसले, आणि फोटो काढायचा विसरले. तिथेच चुकले.

घड्याळाच्या कंपनीला, हडपसरला, पत्र टाकलं. उत्तर आलं, सगळं आमच्याच मुलांनी लिहिलंय. दुसऱ्या पत्रावर एकदम सूर मऊ, "नजरचुकीने राहिलं", आणि सोबत कोड. इतकी गोडी मला पचेना. ओळ न् ओळ वाचली. माझं नाव होतं, तिथी होत्या, बरण्या नव्हत्या. म्हणजे घड्याळात एक आणि माझ्या हातात दुसरंच. त्या घड्याळात ग्रहणाच्या वेळा माझ्यापेक्षा नेमक्या येतात. ती सुधारणाही पाठवलेल्या कोडात नाही. मला तीच हवी आहे. ती सगळ्यांना मिळायला हवी.

तारीख पुढे सरकवून ती ओळ आजही दाखवता येईल. पण मग म्हणतील, बाईंनीच काहीतरी केलं. म्हणून द्वितीयेची वाट बघतेय. मागच्या आठवड्यात मास्तरांकडे कंपनीचा माणूस आला, मोफत सर्व्हिसिंग म्हणे. मास्तर म्हणाले, "घड्याळ ठणठणीत आहे. आपण या." त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

द्वितीया शनिवारी आहे. तुझ्या फोनचा कॅमेरा चांगला, माझा हात हलतो. शुक्रवारीच ये राहायला. बरण्याही उतरवायच्या आहेत माळ्यावरून.