गवसणीचा खिसा

मार्च आला की धर्माजीचा ढोल नगरपरिषदेच्या कामाला लागायचा. वसुली कारकून निमेश यादीतलं नाव वाचायचा आणि थकबाकीदाराच्या दारात धर्माजी ढोल बडवायचा. जत्रेतल्या नाटकांना तीस वर्षं साथ केलेला हात तो. सारी आळी गोळा होई.

त्याला याची लाज वाटत नसे. त्याची सून लाडकी कंत्राटावर रस्ते झाडायची आणि तिचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. "घरपट्टी येईना, तर दिव्यांचं बिल आणि झाडूवाल्यांचा पगार कुठून निघायचा?" असं तो ठणकावून सांगायचा.

त्या गुरुवारी निमेशने नाव वाचलं, "जयवंती पागधरे. चार हजार दोनशे."

मासळी विकणाऱ्या जयवंतीच्या ओट्यावर सातपाटीहून मासळीवाल्यांच्या सोसायटीच्या बायका आल्या होत्या. तिला खजिनदार करायचं ठरत होतं. पैशांच्या पेटीची किल्ली अध्यक्षीण शकूच्या हातात होती. धर्माजीने ढोल सुरू केला. शकूने किल्ली परत कनवटीला लावली.

"बघू गं, पुढल्या महिन्यात," म्हणत बायका उठल्या.

जयवंती आत गेली. मग तांब्याभर पाणी आणून म्हणाली, "घसा सुकला असंल भाऊ. घ्या."

ते पाणी काही त्याला पचेना. दारात ढोल बडवणाऱ्याला शिव्या मिळतात, पाणी कोण देतं? घरी येताच ढोल नजरेसमोर नको म्हणून त्याने खुंटीवरची गवसणी काढली. शिमग्यापासून ढोल उघडाच हिंडत होता. गवसणी चढवताना तिच्या खिशात काहीतरी कुरकुरलं. घरपट्टीचं बिल, आणि त्यात गुंडाळलेले चार हजार दोनशे रुपये.

धर्माजीला आठवलं. होळीच्या आदल्या दिवशी जयवंतीनेच ते दिले होते. "तुमी रोज हापिसात जाता, तेवढे भरा ना." होळीला ढोल बाहेर निघाला, गवसणी खुंटीला गेली आणि जयवंतीची घरपट्टीही तिच्याबरोबर टांगली गेली.

आणि सगळं ठाऊक असून ती चारचौघींत गप्प राहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने पैसे भरले. उशिराची शास्ती पदरची घातली. निमेश म्हणाला, "काका, पैसे आले, विषय संपला."

"तुझा संपला रे बाबा," धर्माजी म्हणाला आणि ढोल गळ्यात अडकवून थेट सातपाटीला गेला.

बंदरावर बायका मासळीचे वाटे करत होत्या; जयवंतीही होती. ढोल असा वाजला की कावळेसुद्धा उडाले.

"ऐका हो ऐका! जयवंतीबाईची घरपट्टी थकवणारा चुकार माणूस धर्माजी! तो हाच, तुमच्यासमोर उभा!" त्याने पावती उंच धरली. "तिनं होळीआधीच पैसे दिले होते, मीच ते गवसणीत विसरलो!"

शकू कमरेवर हात ठेवून जयवंतीला म्हणाली, "तवा तोंडाला काय कुलूप होतं?"

"ढोलाचं काम गेलं असतं त्यांचं. म्हाताऱ्यानं मग काय वाजवायचं, ताट?"

बायका हसल्या. शकूने कनवटीची किल्ली काढली. "घे. पन सोसायटीत कोनाचं झाकशील, तर मीच ढोल आनीन तुज्या दारात."

जयवंतीने किल्ली घेतली, मग धर्माजीपुढे पाण्याचा तांब्या धरला. त्याने दोन्ही हात पुढे केले खरे, पण गळ्यातला ढोल आडवा आला आणि अर्धं पाणी त्याच्यावरच सांडलं.