डब्याच्या झाकणावरचा धडा

कुंभकोणमच्या पेठेत, भांड्यांच्या एका दुकानाच्या दुसऱ्या पायरीवर सेतुराम एकेचाळीस वर्षं बसून आहे. काम भांड्यांवर नावं घालायचं. गिऱ्हाईक आत पेला घेतं, ताट घेतं आणि बाहेर येऊन त्याच्या मांडीवर ठेवतं, बारशाला आणलेलं पोर आत्याच्या मांडीवर ठेवावं तसं. मग सेतुराम चार प्रश्न विचारतो, कायम त्याच क्रमानं : कोणाला? कोणाकडून? कोठून? कशानिमित्त? तारीख तो स्वतःहून घालतो. उत्तरं मिळाली की छिन्नी टेकवून हातोडीनं टिकटिक, टिकटिक, टिंबाटिंबांची तमिळ अक्षरं पत्र्यात बसत जातात. पेठेतल्या बाकीच्यांनी विजेची मशिनं घेतली, पेनासारखी धरायची आणि गुर्र करणारी. सेतुराम म्हणतो, ते अक्षर नव्हे, ओरखडा.

चारातला एकही प्रश्न सोडायला तो तयार नसतो. एकदा एका माणसानं स्वतःसाठीच पेला घेतला. कोणाकडून, तर स्वतःकडून. कशानिमित्त, तर काहीच नाही, सहज. सेतुराम दहा मिनिटं छिन्नी धरून बसला आणि शेवटी त्यानं घातलं : 'स्वतःला, स्वतःकडून, कंटाळ्यानिमित्त.' तो माणूस दुसऱ्या दिवशी परत आला. पेला बायकोनं वाचला होता. आता तिच्या नावाचा एक हवा होता, आणि मोठा.

दुसरा नियम म्हणजे घातलेलं नाव खोडायचं नाही. एका लग्नाच्या चाळीस ताटांवर वराचं नाव घालून झालं आणि वर बदलला. मुलीचा बाप रडकुंडीला आला. सेतुरामनं जुन्या नावापुढे 'ऐवजी' असं घातलं आणि त्यापुढे नव्या वराचं नाव. त्या घरी पाहुणे अजून 'ऐवजी'च्या ताटात जेवतात, आणि जावयाला त्याचं काही वाटेनासं झालंय.

घरी मात्र सेतुरामचं एक गुपित होतं. रोज सकाळी कॉफी घेऊन तो तमिळ पेपर उघडायचा आणि अर्धा तास त्यात तोंड घालून बसायचा. बायको, सुब्बलक्ष्मी, आतून विचारायची, "काय म्हणतो हो पेपर?"

"तेंच की," सेतुराम म्हणायचा.

पेपर वाचता येत नव्हता त्याला. चौथीत असताना पुस्तकातली अक्षरं फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडायची, आणि मास्तरांनी हा मुलगा दगड आहे असं सांगून घरी पाठवला. बापानं त्याला पायरीवर बसवून छिन्नी हातात दिली. पत्र्यात ठोकलेलं अक्षर हलत नाही, हा शोध त्याला तिथं लागला. महिनाभरात बोटांना अख्खी बाराखडी पाठ. पण कागदावरची अक्षरं आजही तडतडतच होती. हे ठाऊक होतं फक्त सुब्बलक्ष्मीला, आणि ती रोज विचारायची ते त्याची लाज राखायला.

लेक नंदिता आणि जावई मस्कतला. नात शरण्या आजीआजोबांकडे. तिसरीत. बोलायला लागली की कावेरीचा कालवा सुटल्यासारखी, आणि पुस्तक उघडलं की मुकी. ऑक्टोबरात शाळेतून पत्र आलं. सुब्बलक्ष्मीनं वाचून दाखवलं : पोंगलच्या सणानंतर अधिकारी येऊन प्रत्येक मुलाचं वाचन तपासतील. ज्यांना एक न पाहिलेला उतारा वाचता येणार नाही त्यांना पुढच्या वर्षी त्रिचीच्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं जाईल. तेथे अशा मुलांची सोय आहे.

"अशा म्हणजे कशा?" सेतुरामनं विचारलं.

सुब्बलक्ष्मीनं पत्राची घडी घातली. "तुमच्यासारख्या," ती म्हणाली. मग हळूच, "पण पोर तेथे जाऊं नये हो. जेवायची नाही ती माझ्यावांचून."

शाळेत आठवड्यातून दोनदा कीर्ति टीचर यायच्या, अशाच मुलांसाठी. मोपेडवर मागं पत्र्याची ट्रंक बांधून. वय सव्वीस, आवाज सव्वीस जणींचा. त्यांची पद्धत साधी होती : आधी आवाज, मग आकार, मग बोट. एका दिवशी एकच अक्षर. ते ऐकायचं, टाळी वाजवून तोडायचं, बोटानं गिरवायचं, आणि डोळे मिटून ओळखायचं. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला त्या गळ्यावर हात ठेवून आवाज शिकवायच्या, जागेवर न बसणाऱ्या मुलाला जमिनीवर मोठी अक्षरं काढून त्यांवरून चालायला लावायच्या.

शरण्याशी मात्र सगळं फसलं. पॉलिशपेपर कापून अक्षरं केली, तर पोरीनं इतक्या निष्ठेनं गिरवली की बोटाचं साल निघालं. मग कीर्तिनं शाळेच्या ओसरीवर तांदळाच्या पिठानं भलंमोठं 'अ' काढलं. कोलमचं, म्हणजे इथल्या रांगोळीचं, पीठ मुंग्यांसाठीच असतं हे कुंभकोणमच्या मुंग्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. शरण्या हात धुऊन येईतो 'अ'चं पोट गेलं होतं आणि शेपटी भिंतीकडे चालली होती.

"टीचर, अ पळाला," शरण्या म्हणाली.

"बघा मामा," कीर्ति नातीला न्यायला आलेल्या सेतुरामला म्हणाली, "तिला अक्षर हलतंय हे दिसतं. आता खरंच हललं. मी काय सांगू?"

अक्षर हलतं म्हणजे काय, हे त्या ओसरीवर सेतुरामइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात सुब्बलक्ष्मीनं कॉफीचे पेले घासून पालथे घातले होते. शरण्या शेजारी बसून बडबडत होती आणि बोट एका पेल्याच्या बुडावर फिरत होतं. मध्येच ती थांबली. बोट मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. "मी... ना... आज्जी, हा मीनाक्षीबाईंचा पेला!"

मीनाक्षीबाई म्हणजे शेजारीण. पेला खरंच तिचा होता, पायसमची खीर घेऊन आला आणि तीन वर्षं राहिला. पोरीनं पुढचे पेले उलटे केले. तासाभरात असं निघालं की घरातल्या अकरा पेल्यांतले सात शेजाऱ्यांचे. आपले सात कोठे असतील याचा विचार करत सुब्बलक्ष्मी कपाळाला हात लावून बसली. सेतुराम मात्र पळत शाळेत गेला.

कीर्तिनं ऐकलं आणि ट्रंकेवर थाप मारली. "हेच! मामा, मला पेले हवेत. एका पेल्यावर एकच शब्द, दोन अक्षरांचा. गाय. पान. मग तीन अक्षरांचे. मोठं घाला, खोल घाला. बाकी काही नको."

आता चूक झाली ती इथं. सेतुरामनं पहिल्या पेल्यावर 'गाय' घातलं, आणि हात थांबेना. एकेचाळीस वर्षांत असा एकही शब्द त्या हातानं ठोकला नव्हता ज्याला देणारा नाही. दुसऱ्या दिवशी कीर्तिनं पेला उजेडात धरून वाचला : 'प. गाय. पट्टीश्वरमच्या गोपालकृष्ण कुटुंबाकडून, गृहप्रवेशानिमित्त.' खाली तारीख.

"मामा! गायीला 'प.' हे इनिशियल कशाला?"

"नाहीतर कोणाची गाय हे कसं कळायचं, टीचर?"

"कोणाचीच नाही! शब्द आहे तो!"

"कोणाचीच नाही अशी गाय पट्टीश्वरमला नाही," सेतुराम म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं.

कीर्तिनं त्याला शपथ घातली. पुढचा पेला आला : 'पान. बागेतून, वाऱ्याकडून.' सेतुराम म्हणाला, यापेक्षा कमी आपल्याच्यानं होणार नाही, तारीख सोडलीय हेच पुष्कळ. असे एकूण छपन्न पेले झाले. 'मांजर' शब्दाला दूध जोडलेलं होतं, दूध इन्नंबूरहून होतं, आणि देणाऱ्या म्हशीचं नाव अलमेलू.

मुलं त्या पेल्यांवर तुटून पडली. कमी ऐकू येणारी चैत्रा पेल्याच्या काठावर बोट फिरवून त्याची थरथर तळव्यात घ्यायची, जागेवर न बसणारं पोर एका पेल्याकडून दुसऱ्याकडे चालत वाक्य करायचं. शरण्याचं तर काय विचारता. 'गाय'पाशी ती थांबतच नव्हती. गाय कोणाची, कोठली, कशानिमित्त हे कळेपर्यंत बोट उचलायची नाही. त्यामुळे एका शब्दाच्या धड्यात पोर अख्खी ओळ वाचू लागली, आणि कीर्तिनं नाइलाजानं कबूल केलं की पद्धतीत नसलेली ही पद्धत चालते. त्रास एकच होता. टीचरांनी वर्गात विचारलं, झाड म्हणजे काय, तर शरण्यानं उलट विचारलं, "कोणाकडून?"

पोंगल झाला आणि अधिकारी आले. नाव विजयराघव. घामाघूम माणूस, काखेत टॅबलेट, हातात तीन पुडाचा स्टीलचा डबा. पालकांनी फाटकाशी थांबायचं असा हुकूम होता. सेतुराम फाटकाशी पेल्यांचं पोतं घेऊन बसला. कमरेला छिन्नीहातोडी होती, ती त्याच्या सोबत देवळातही जाते.

ओसरीवर शरण्याचा नंबर लागला. विजयराघवांनी टॅबलेट पुढं केला. न पाहिलेला उतारा, चार ओळी, शीर्षक 'मांजर'. शरण्यानं सवयीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि फिरवलं. मांजर सर्रकन डावीकडे गेलं आणि पुढच्या उताऱ्याचा पानभर हत्ती आला.

"हात लावू नको, बाळा. वाच," विजयराघव म्हणाले आणि मांजर परत आणलं.

शरण्यानं बोट ठेवलं. हत्ती.

"डोळ्यांनी वाच!"

"डोळ्यांनी हलतंय," शरण्या म्हणाली. "बोटानं पळतंय."

सहा वेळा मांजर आलं आणि सहा वेळा गेलं. सातव्यांदा टॅबलेटनं आपण होऊन विचारलं, परीक्षा बंद करायची का. कीर्ति मध्ये पडली. "सार, ती पेल्यांवर वाचते. छपन्न पेले आहेत, एक मागवा."

"पेले तिला पाठ असणार," विजयराघव म्हणाले. ते काही वाईट नव्हते, पण आठवड्याभरात अकरा शाळा झाल्या होत्या आणि एक वाजून गेला होता. "नियम असा आहे की उतारा न पाहिलेला पाहिजे. मी हिला 'नाही'मध्ये घालतो. त्रिचीची शाळा चांगली आहे, टीचर."

एका हातानं त्यांनी 'नाही' शोधायला घेतलं, दुसऱ्या हातानं डबा उघडला. झाकण बाकावर शरण्यापुढे पडलं. तीनच्या तीन पुडांत दहीभात होता. शरण्यानं त्रिचीचं नाव ऐकलं होतं आणि तिचा ओठ लोंबायला लागला होता. बोट मात्र काम नसलं की चालू लागतं, तसं ते झाकणावर चालू लागलं. झाकण वर्षानुवर्षं घासून आरशासारखं झालेलं, डोळ्याला काही दिसत नव्हतं.

"चि. ... सा... ई... साईकुमार," शरण्या म्हणाली. "इन्नंबूर. मामाकडून. मुं... मुंजीनिमित्त. दोन, शून्य, शून्य, नऊ."

विजयराघवांचा घास हातात राहिला. "माझं नाव साईकुमार नाही."

"डब्याचं आहे," शरण्या म्हणाली.

"हा डबा माझा आहे! पंधरा वर्षं मी यात जेवतोय!"

"साईकुमारच्या डब्यात," शरण्यानं दुरुस्ती केली.

विजयराघवांनी झाकण उन्हात धरलं, तिरकं धरलं, चष्मा काढून धरलं. काही दिसेना. मग कीर्तिनं सुचवल्यावर त्यांनी फाटकावरच्या, नावं घालणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावणं पाठवलं, आणि नातीला तोंडावर हात ठेवून बसायला सांगितलं. सेतुराम आला. झाकण हातात मिळताच त्यानं डोळे मिटले आणि बोट फिरवलं. "चिरंजीव साईकुमार. इन्नंबूर. मामाकडून, मुंजीनिमित्त. दोन हजार नऊ. हात माझा आहे, सार. पण ह्या मुंजीतला डबा आपल्याकडे कसा?"

विजयराघव आठवू लागले. साडूच्या घरची मुंज. परतताना भाताचा डबा हातात दिलेला. परत द्यायचा राहिला. त्यांनी दहीभाताकडे पाहिलं, जणू पंधरा वर्षांचा भात एकदम समोर आला.

"न पाहिलेला उतारा आहे, सार," कीर्ति म्हणाली. "तुम्हीसुद्धा न पाहिलेला."

विजयराघवांनी 'नाही' सोडून 'होय' दाबलं. टॅबलेटनं उताऱ्याचं शीर्षक विचारलं. त्यांनी टाइप केलं : 'साईकुमारची मुंज'. मग टॅबलेट सेतुरामपुढे धरला. "पालकांनी वाचून सही करायची."

सेतुरामनं पाहिलं. मोहरी तडतडत होती. पेपर असता तर अर्धा तास तोंड घालून बसला असता, पण नात बघत होती.

"मला हे वाचतां येत नाही, सार," तो म्हणाला. "बोट लावलं तर आपला हत्ती येईल." आणि विजयराघव काही बोलायच्या आत, घाईघाईनं, "मला त्रिचीला पाठवूं नका. दुकान आहे."

कीर्तिनं आज्याला आणि नातीला एका बाकावर बसवून पानभर मजकूर वाचून दाखवला. सेतुरामनं सही केली, पुढे 'शाळेत, नातीनिमित्त' असंही घातलं. टॅबलेटनं ते घेतलं.

"एवढं एक करा," विजयराघव झाकण पुढं करत म्हणाले. "हे नाव खोडून माझं घाला. घरी आता हे वाचलं जाणार."

"खोडत नाही, सार. पुढं घालतो." सेतुरामनं झाकण मांडीवर घेतलं, छिन्नी काढली. "कोणाला तें ठाऊक आहे. कोणाकडून, साईकुमारकडून. कोठून तें आधीच आहे. कशानिमित्त?"

विजयराघवांनी खूप विचार केला. मग सेतुरामच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले, शरण्याला ऐकू जाऊ नये असं, कारण अकरा शाळांचा अधिकारी शेवटपर्यंत अधिकारीच असतो. सेतुराम ठोकू लागला. टिकटिक, टिकटिक. शरण्याचं बोट छिन्नीच्या मागोमाग.

"बोट मागं घे गं, बसेल एखादी."

"नक्को, आज्जा. विजयराघवला. साईकुमारकडून." बोट पुढं सरकलं. "भु..."

छिन्नी पुढच्या अक्षरावर होती. शरण्या थांबली नाही. डबा ओढून तिनं विजयराघवांसमोर ठेवला आणि वरचं पूड त्यांच्या हातात दिलं.

"जेवा, सार," ती म्हणाली. "भुकेनिमित्त."

सेतुरामची हातोडी अजून दुसऱ्याच अक्षरापर्यंत पोचली होती.