एकतीस चिंचोके

अंबूताई गलगलींनी मला आठवीत गणितात शंभरपैकी छत्तीस मार्क दिले होते. पस्तिसाला पास. तो वरचा एक मार्क त्यांनी दयेनं दिला असावा, असं मी चाळीस वर्षं समजत होते. परवा विचारलं, तर म्हणाल्या, "दया कसली? सदतीस होत होते. खाडाखोडीचा एक कापला." अशा या बाई. वय एकाहत्तर, घर धारवाडच्या मळमड्डीत, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी नऊ वेळा निवडणुकीची ड्यूटी केली. बाकीचे शिक्षक ती चुकवायला डॉक्टरांचे दाखले गोळा करत असत. बाई मात्र आदल्या दिवशीच डबा, बॅटरी आणि दोन जादा पेनं घेऊन तयार. अळणावरकडच्या एका गावात त्या केंद्राध्यक्ष होत्या. एक गृहस्थ बायकोबरोबर पुठ्ठ्याच्या आडोशामागं जायला लागला. "हिला कळत नाही हो मॅडम, मी दाबतो बटण." बाई म्हणाल्या, "वीस वर्षं तुमच्याबरोबर संसार करते आणि तिला बटण दाबायचं कळत नाही?" त्याला त्यांनी दाराबाहेर उभं केलं. बायको आत जाऊन हसतच बाहेर आली. नवऱ्यानं वाटेत दहा वेळा विचारलं असेल, तिनं काही सांगितलं नसेल, याची बाईंना आजही खात्री आहे. ही गोष्ट त्या वर्षातून दोनदा तरी सांगतात आणि दर वेळी नव्यानं खूश होतात.

निवृत्तीनंतर बाई आमच्या शाकंभरी मंडळात आल्या. आम्ही एकतीस बायका कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करतो, माल हुबळीच्या दुर्गदबैलातल्या दुकानांना जातो. मी मेधा, मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणारी आणि कुणी रुसलं की समजूत काढणारी.

आमच्या अध्यक्ष भार्गवीअक्का. बावीस वर्षं त्याच. निवडणूक दर चैत्रात व्हायची, पण आमच्या पद्धतीनं. हळदीकुंकू असायचं, आंब्याची डाळ असायची, आणि जी बाई अध्यक्ष व्हावी असं वाटेल तिला प्रत्येकीनं जाऊन कुंकू लावायचं. ज्या कपाळावर जास्त कुंकू ती अध्यक्ष. भार्गवीअक्का पाटावर बसायच्या, आम्ही रांगेनं जायचो, शेवटी त्यांचं नाकसुद्धा लाल व्हायचं. आता मला सांगा, भरल्या सभेत अक्कांना ओलांडून दुसरीच्या कपाळाला बोट लावायची हिंमत कोण करणार? अनिताच्या मुलीचं लग्न अक्कांनी जमवलेलं. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात महिनाभर डबा अक्कांचा. गोदावरी तर त्यांच्याच परसातल्या खोलीत राहणारी. बाई प्रेमळ, पण त्यांच्या प्रेमाला नाही म्हणायची सोय नव्हती.

आणि अलीकडं कामाचा पार घोळ व्हायला लागला होता. अक्का चौऱ्याहत्तरच्या. गुडघे गेलेले, ऑर्डरी विसरायच्या, फोन दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायच्या नाहीत. दुर्गदबैलाच्या चारशे भाकऱ्या एकदा उणकलला कुणाच्या तरी बारशाला पोचल्या. गोदावरीनं रिक्षा करून त्या परत आणल्या आणि वेळेत दुकानावर नेऊन दिल्या. सगळ्या ऑर्डरी तिला तोंडपाठ. पण बोलायचं कुणी?

अंबूताईंचे यजमान गेले त्या वर्षीच्या चैत्रात बाई सवयीनं रांगेत उभ्या राहिल्या. हेमावती पेटीवाल्यांनी, म्हणजे आमच्यातल्या हार्मोनियम शिकवणाऱ्या बाईंनी, त्यांचा हात हळूच धरून मागं नेलं. मागं सतरंजीवर आठजणी बसलेल्या. सगळ्या विधवा. गोदावरी त्यांतच. कुंकू लावायचं नाही, म्हणजे मत द्यायचं नाही. इतकी वर्षं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तर लिहितानाही लाज वाटते आहे, कारण इतिवृत्तात मी दर वर्षी 'सर्वानुमते' असं ठसठशीत लिहीत होते.

बाई सतरंजीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "नवरा गेला, ते दुःख माझं आहे. पण माझं मत कुठं गेलं?"

त्यावर अक्काच म्हणाल्या, "बरोबर आहे की हो हिचं. अंबू, पुढच्या वर्षीची निवडणूक तूच घे. तुला हवी तशी घे."

पुढचं वर्ष उजाडलं. बाईंनी पहिली सूचना काढली: मत गुप्त राहील. दुसरी: निदान दोन उमेदवार हवेत. माझ्याविरुद्ध कोण उभं राहणार म्हणून अक्का हसल्या, आणि समोर उलथणं घेऊन उभ्या असलेल्या गोदावरीकडं बोट करून म्हणाल्या, "ही राहील. नावाला."

गोदावरीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. नंतर ती बाईंच्या घरी जाऊन रडकुंडीला आली. "बाई, नाव काढा की री माझं. निवडून आले तर खोली जाईल, आन् एकबी मत न्हाई पडलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई." बाईंनी तिला पाणी दिलं. "कुणी कुणाला मत दिलं हे कुणालाही कळणार नाही. तुला नाही, भार्गवीअक्कांना नाही, मलाही नाही. हा माझा शब्द." मग हाच शब्द त्यांनी बाकी सगळ्यांच्या घरी जाऊन दिला. आता तो पाळायचा होता.

रंगीत तालीम घ्यायची ठरली. प्रश्न ठेवला: चहाबरोबर चुरमुऱ्यांचं गिरमिट की मिरचीभजी? सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. बाईंनी पहिली चिठ्ठी उघडली आणि सवयीनं बोलून गेल्या, "गिरमिट. अनिता, ट ची मान अजून मोडतेसच?" अनिता पंचेचाळीस वर्षांची, तिनं जीभ चावली. दुसरी उघडली, "हं, ही मेधा. खाडाखोड." तिसऱ्या चिठ्ठीवर नुसता गोल. गोदावरीला लिहिता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. निम्म्या मंडळाच्या वह्या बाईंनी तपासलेल्या, त्यांच्यापासून अक्षर लपणार कसं? बाईंनी चिठ्ठ्या चुलीत घातल्या. म्हणाल्या, "चोर मीच निघाले."

मग चिंचोके आले. एकीला एक चिंचोका, समोर तेलाचे दोन रिकामे डबे, आडोशाला दोरीवर टाकलेलं इरकली लुगडं. लिहायचं नाही, वाचायचं नाही. एका डब्यावर अक्कांचा नारळ, दुसऱ्यावर गोदावरीचं उलथणं. पुन्हा तालीम. चार बायका आत जाऊन आल्या आणि डोळे मिटून बसलेल्या हेमावतीबाई म्हणाल्या, "तिघींनी डावीकडं टाकलं. डावा डबा षड्ज लागतोय, उजवा कोमल गंधार." धारवाडात निवडणूक घेणाऱ्यानं लोकांच्या कानांचाही विचार करायला हवा! बाईंनी डबे बदलले, हेमावतीबाईंनी नवे स्वर सांगितले. बाई रागानं लाल आणि आम्ही हसून बेजार.

यावर तोड काढली ती गोदावरीनं. "पिठात टाकलं तर वाजंल कशाला?" जाळं धरलेलं जुनं पीठ कोठारात होतंच. दोन्ही डबे अर्धे भरले. चिंचोका पिठात खोवायचा. हेमावतीबाईंनी कान टवकारले, मान हलवली, हरल्या. मात्र बाईंनी एक नियम जोडला: हात दोन्ही डब्यांत घालायचा, चिंचोका एकातच सोडायचा. "नाहीतर तुमच्या घालण्या-काढण्याच्या वेळावरून या ताल ओळखतील." मीही एक शंका काढली, कारण छत्तीसवाल्यांनाही कधीतरी सुचतं. चिंचोके घरोघरी डबाभर असतात, कुणी पदरात चार जादा आणले तर? बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की तो कापलेला मार्क परत मिळाला. नातीच्या, वेदश्रीच्या जांभळ्या नेलपॉलिशनं त्यांनी एकतीस चिंचोके रंगवले आणि डबीत घालून कपाटात कुलूप लावून ठेवले.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी मी बाईंकडं बसले होते, तर भार्गवीअक्का काठी टेकत आल्या. चहा झाला. अक्कांनी विचारलं, "अंबू, खरंच कुणाला कळणार नाही?" बाई म्हणाल्या, "नाही कळणार." थोडं इकडचं तिकडचं बोलून पुन्हा तेच. दारात चप्पल घालताना तिसऱ्यांदा तेच. त्या गेल्यावर मी म्हटलं, "बाई, पाहिलंत? कुणी दगा दिला ते हुडकून काढायचं चाललंय." बाईंना रात्रीचं जेवण गेलं नाही म्हणे. एकतीस बायकांचे संबंध त्यांच्या शब्दाला टांगलेले होते.

चैत्रातला शुक्रवार. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं. बाईंनी दोन्ही डब्यांतलं पीठ सगळ्यांसमोर चाळून दाखवलं: आत काही नाही. मग नाव पुकारून एकेकीला चिंचोका दिला. या खेपेला रांग एकच होती, सतरंजीवर मागं कुणी नव्हतं. बायका लुगड्यामागं जायच्या आणि कोपरापर्यंत पांढऱ्या होऊन बाहेर यायच्या. बोटाला शाई लावतात, तसं आमचं पीठ. अक्का आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. गोदावरी आत गेली ती क्षणात बाहेर. सर्वांत शेवटी अंबूताई.

मोजणी उघड्यावर. आधी मान मोठ्यांचा म्हणून नारळाचा डबा. दोघींनी चाळणी धरली, बाईंनी पीठ ओतलं. पीठ भुरुभुरु खाली गेलं. चाळणी रिकामी. बाईंनी डबा उपडा करून थोपटला, पुन्हा चाळलं. रिकामी.

मग दुसरा डबा. चाळणीत जांभळ्या चिंचोक्यांचा ढीग. बाई मोठ्यानं मोजायला लागल्या आणि पंचविसाच्या पुढं त्यांचा आवाज उतरत गेला. एकतीस.

मला कळायला जरा वेळ लागला, बाकीच्यांना माझ्याआधी कळलं असावं. एका डब्यात शून्य म्हणजे प्रत्येकीचं मत उघडं. अनिताचं, हेमावतीबाईंचं, माझं. मी तर कुणाला मत दिलं हे नवऱ्यालाही सांगणार नव्हते. बाई मटकन खाली बसल्या. "गणिताची बाई मी," त्या म्हणाल्या, "अक्षर लपवलं, आवाज लपवला, आणि शून्याचा विचार केला नाही. शब्द दिला होता मी तुम्हाला. माफ करा ग." त्यांचे डोळे भरून आलेले मी प्रथमच पाहिले, आणि मला आमच्या सगळ्यांचाच राग आला. निदान एकीनं तरी नारळात टाकायचा होता!

तेवढ्यात हेमावतीबाई सावकाश म्हणाल्या, "पण एकतीसमध्ये गोदावरी स्वतः आली की."

सगळ्यांच्या माना गोदावरीकडं वळल्या. नाव काढा म्हणून रडणारी ही बया! तिनं पदरात तोंड लपवलं. "हात आपोआप गेला री," आतून आवाज आला. आणि पहिलं हसू फुटतंय न फुटतंय, तोवर अनिता ओरडली, "अग, मग अक्कासुद्धा आल्या!"

भार्गवीअक्का पाटावर बसून पीठ भरलेला हात पदराला पुसत होत्या. "आले की," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात ग माझे. सहा वर्षं झाली, सोडायचं म्हणते. पण दर चैत्रात तुम्ही एवढ्या प्रेमानं कपाळ भरायचा, मला वाटायचं यांना मीच हवी. नाही कसं म्हणू?"

"आणि आम्हाला वाटायचं तुम्हालाच हवं," मी म्हटलं.

त्यानंतर जे हसणं झालं ते कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल. सहा वर्षं आम्ही त्यांच्या कपाळाला आणि त्या आमच्या तोंडाला भीत होतो, आणि मी दर वर्षी लिहीत होते, सर्वानुमते.

अक्का उठल्या, करंडा उघडला आणि गोदावरीसमोर थांबल्या. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी विचारलं, "लावू का? नको असेल तर नाही म्हण. आणि खोली तुझीच आहे, ती कुठं जात नाही." गोदावरीनं डोळे पुसले आणि कपाळ पुढं केलं. "लावा की री."

मग तो करंडा अंबूताईंपुढं आला. "तुला ग, अंबू?"

बाईंनी मान हलवली. "मला कुंकू नको, अक्का. मला मत हवं होतं. ते मिळालं."

त्यांनी नाक पुसलं, एकतीस चिंचोके मोजून पुन्हा डबीत भरले आणि माझ्याकडं वळल्या. "मेधा, लिही. आणि खाडाखोड करू नकोस."

मी लिहिलं: सर्वानुमते.