करीम सरांचं मैदान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं पुन्हा माझं ताट वाढलं नसतं — म्हणूनच नाही सांगितलं. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही.

मागच्या महिन्यात अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. त्याची मुलगी तिथं फुटबॉल खेळते. शेजारी त्याला म्हणाला, एवढा वेळ नुसतं पळायचं आणि गोल शून्य, हा काय खेळ झाला? आणि आपला तर नव्हेच, बाहेरून आलेल्यांचा. तिथं म्हणे काही जण फुटबॉल आवडतो की नाही यावरून माणसाचा पक्षसुद्धा ठरवतात. पुतण्या हसत होता. मला हसू आलं नाही. हे सगळं मी लातुरात बोलून चुकलोय — आणि मला तर तो खेळ आवडत होता.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता, समित्या मात्र उदंड उगवल्या होत्या. माझं कापडाचं दुकान, घराण्याला मान — आणि एखाद्या समितीत आपलं नाव लागावं, याचा हावरेपणा. लाज वाटते का? आता वाटते. तेव्हा कुठं वाटली?

करीम सरांनी मला शाळेत फुटबॉल शिकवला. पाच वर्षं मी त्यांचा गोलकीपर. त्यांची शाळेतली मुलं खेळायची ते मैदान कबड्डीला द्यायचं जिल्ह्याच्या क्रीडा समितीत घाटत होतं, आणि बैठकीला गावातल्या मानाच्या लोकांनाही बोलावलं होतं. सर दुकानात आले. "शिवा, बैठकीत तू बोल. आमचं कोण ऐकून राहिलंय? तुझं ऐकतील."

"बोलतो की, सर," मी म्हणालो.

बोललो. सर बाहेर लिंबाखाली बसले होते, मी आत. अध्यक्षांचा कल कुठं आहे ते मला दिसत होतं. मी म्हणालो, हा आपल्या मातीतला खेळ नाही. निजामाबरोबर आला, त्याच्याबरोबरच जायला हवा होता. माना डोलल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. म्हणालो, लोक घागरभर पाण्यासाठी उन्हात उभे आहेत, आणि हे लोक मैदानावर पाणी मारतात.

खोटं होतं. मैदानाला भेगा पडल्या होत्या, चेंडू आपटला की धूळ उडायची. सरांनी तिथं थेंबभर पाणी मारलं नव्हतं. मला ते माहीत होतं.

मैदान गेलं. मला समिती मिळाली. पण बोललेलं काय बैठकीतच राहतं? चार दिवसांत हापशावरच्या रांगेतून सरांच्या बायकोची घागर बाजूला सारली गेली. "तुमचं पाणी मैदानावर हाय की, तिकडं जावा," एक बाई म्हणाली. हापसा माझ्या दुकानासमोरच होता. मी गिऱ्हाइकाला कापड दाखवत राहिलो. पुढंही कितीदा ती माउली रिकामी घागर घेऊन परत गेली, मी बघितलं. दोन महिन्यांत त्यांनी घर आवरलं आणि नांदेड गाठलं.

जायच्या आधी — खरं सांगायचं ते हेच, इथवर नुसता घुटमळत होतो — सर दुकानात आले. बैठकीतून बाहेर पडल्यावर मी त्यांना सांगितलं होतं, लई भांडलो सर, कुणी ऐकलं न्हाई. त्यांनी ते खरं धरलं होतं.

"पाण्याचं कुणी उठवलं, अल्ला जाणे," ते म्हणाले. "पण तू तरी आमच्या बाजूनं बोललास, शिवा. ध्यानात ठेवीन."

माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मी धरू दिला.