आमच्यातल्याच

शाळेत सगळ्या मला म्हणायच्या, "तुम्ही अगदी आमच्यातल्याच वाटता." कौतुकानंच म्हणायच्या. सोलापूरच्या त्या शाळेत मी एकटीच मुसलमान शिक्षिका. हळदीकुंकवाचं वाण आनंदानं घ्यायचे, श्रावणात डब्यात अंडंसुद्धा न्यायचे नाही. रमजानात स्टाफ मीटिंग संध्याकाळी लांबली, की नकाशांच्या खोलीत जाऊन एक खजूर खाऊन रोजा सोडायचे आणि बी रुमालात बांधून परत जागेवर येऊन बसायचे. आमच्यातल्याच म्हणवून घ्यायचं तर एवढं करावंच लागतं.

थंडीत माझी आई गेली. त्यानंतरचा पाडवा नेमका रमजानात आला. दुपार कलताना दारात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, हातात डबा घेऊन उभ्या. त्या करकंबच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्याकडं दुखवट्याच्या घरात पहिल्या सणाला गोड करत नाहीत; दुसऱ्यानं येऊन तोंड गोड करायचं असतं. आमच्यात आईबापाचा दुखवटा तीन दिवसांचा, आणि पाडवा तर आमचा सणच नाही. पण बाईंनी बसल्याबसल्या पुरणपोळीचा घास मोडला आणि थेट माझ्या तोंडाशी आणला.

घास घ्यावा तर रोजा मोडतो, नको म्हणावं तर इतक्या वर्षांचं 'आमच्यातल्याच' मोडतं. मला राग आला. बाईंचा नाही, त्या शब्दाचा.

"बाई, माझा रोजा आहे."

त्यांचा हात तिथंच थांबला. घास त्यांनी ताटलीत ठेवला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय बघा. कधी सुटतो?"

"सूर्य मावळल्यावर."

"मग मीटिंग लांबली की काय करता तुमी?"

मी खजुराचं सांगितलं.

"इतकी वर्षं बोलला का न्हाय?"

"कुणी विचारलंच नाही."

त्यांनी सारवासारव केली नाही. "आता मीटिंग सकाळीच घिऊ," एवढंच म्हणाल्या. मी पाणी पुढं केलं, तर म्हणाल्या, "तुमी प्याल तवाच." मग विचारू लागल्या, तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात, आईला कुठं ठेवलंय, तिथं बायका जातात का. 'तुमच्यात' हा शब्द एरवी मला टोचायचा. त्या दिवशी मात्र प्रत्येक प्रश्नानंतर बाई उत्तराची वाट बघत होत्या.

अजान झाली. मी खजूर खाल्ला, बी समोरच्या ताटलीत ठेवली. आम्ही दोघी पाणी प्यायलो. बाईंनी तोच घास पुन्हा उचलला आणि विचारलं, "आता चालंल?"

मी मान डोलावली. आई गेल्यापासून शाळेतल्या माणसासमोर पहिल्यांदाच रडले.