बेरजेत एक जास्त

रविवारी दुपारी विवेकने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि बेरीज पुन्हा करून पाहिली.

"मित्रा, तुझ्या अहवालात एक माणूस जास्त येतोय."

त्याची बायको संघमित्रा, त्याच्यासाठी नुसती 'मित्रा', ओट्याशी थालीपिठाचं पीठ मळत होती. तिचा हात थांबला. "कुठे?"

"सगळीकडे. वरच्या तक्त्यात गेल्या वर्षीचे इंटर्न तीन. खाली मार्गदर्शनाचे तास मात्र चौघांचे. त्यांनी तपासलेले पेशंटही चौघांचे." विवेक ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात कॉम्प्युटरचं काम पाही. घराबाहेरची माणसं त्याला मालासारखीच मोजता येत. "आमच्याकडे असं झालं, तर आधी शोधतो की कुणाचं काय चुकून आत राहिलंय. कोण आहे हा चौथा?"

विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने लॅपटॉपची झाकणी अर्धवट लावली, जणू आत कुणी झोपलं होतं.

"राहू दे," संघमित्रा म्हणाली. "मी बघते नंतर."

सोफ्यावरून त्यांची मुलगी केतकी ओरडली, "मम, आर वी ईटिंग ऑर नॉट?"

"मराठीत विचार, मग वाढते," संघमित्रा म्हणाली, आणि तवा गॅसवर ठेवला.

शहराच्या मनुरेवा उपनगरातल्या एका मानसिक आरोग्य केंद्रात संघमित्रा इंटर्नशिपची प्रमुख होती. विद्यापीठातून मानसशास्त्र शिकून आलेली मुलं तिच्या हाताखाली वर्षभर काम करत, आणि मग त्यांना मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी मिळे. पण केंद्राची मान्यता शाबूत असेल तरच. दर काही वर्षांनी ती तपासायला समिती येई. तिच्याआधी केंद्राने स्वतःबद्दलचा जाडजूड अहवाल पाठवायचा, मग समितीचे लोक येऊन अहवालातलं खरं आहे का ते पाहणार. मान्यता गेली तर या वर्षीच्या तीन मुलांचं वर्ष फुकट जाणार होतं. त्यातल्या एकीने नोंदणी मिळेल या भरवशावर वेलिंग्टनमधली नोकरी पक्कीही करून टाकली होती.

असे अहवाल कुणी कोऱ्या पानावर लिहीत नाही. मागच्या खेपेचा घ्यायचा, सालं बदलायची, गेलेल्यांची नावं काढून आलेल्यांची घालायची. संघमित्रानेही तसंच केलं होतं. गेल्या वर्षीची चौथी इंटर्न होती अस्मिता; वरच्या तक्त्यात तिचं नाव संघमित्राने जाणूनबुजून घातलंच नव्हतं. खालचे तक्ते मात्र वर्षभराच्या नोंदींमधून आपोआप भरले गेले होते, आणि त्यांतून अस्मिता गेली नव्हती.

अस्मिता नांदेडची. क्राइस्टचर्चला शिकत असताना तिथल्या रिकार्टन भागात चौघींबरोबर एका घरात राहायची, तिथल्या इंडियन दुकानात शनिवारी काउंटर सांभाळायची. केंद्रात सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, म्हणून तीही कॉरिडॉरमध्ये "संघमित्रा" म्हणे. पार्किंगमध्ये पोचली की लगेच "ताई". "आत तू माझी बॉस, बाहेर तू माझ्या गावाकडची," असं तिचं सरळ गणित होतं. संघमित्राला ते आवडायचं आणि थोडं अवघडही वाटायचं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, इंटर्नशिप संपत आलेली असताना, अस्मिता पश्चिमेच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर एकटी गेली आणि पाण्याच्या ओढीत सापडून बुडाली. चौकशीत अपघात असल्याचं निष्पन्न झालं. त्या किनाऱ्यावर दरवर्षी कुणीतरी जातंच, असं सगळे म्हणाले. पण संघमित्राचा धंदाच असा होता की माणूस गेल्यावर त्याचं आधीचं प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून पाहायचं. शेवटच्या बैठकीत अस्मिता काय बोलली, हे तिला शब्दन्शब्द आठवे, आणि कितीही ऐकलं तरी त्यात पाण्याचा आवाज येत नसे.

तेव्हापासून केंद्रात काही घडलं होतं असं नाही. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत अस्मिता बसायची. नव्या मुलांना ती खोली देऊ केली, तर तिथे गारठा आहे म्हणून तिघंही एकाच खोलीत खुर्चीला खुर्ची लावून बसली. कॉरिडॉरचे दिवे माणसाची चाहूल लागली की लागायचे. कधी कधी कुणी नसताना टोकाचा दिवा लागे, थोडा वेळ राही, विझे. सेन्सर जुना झालाय, असं मेंटेनन्सवाला सांगून गेला. ईमेल लिहायला बसलं आणि पत्त्यात 'ए' अक्षर टाकलं, की मशीन आधी अस्मिताचंच नाव पुढे करी. ते काढून टाकायला एक बटण पुरे होतं. संघमित्राने ते कधी दाबलं नाही.

सोमवारी व्यवस्थापक लिन तिच्या दाराशी आली. लिन वाईट बाई नव्हती. अस्मिताच्या पुण्यानुमोदनाला ती हॉलमध्ये मागे उभी राहून शेवटपर्यंत थांबली होती, एक अक्षर कळत नसताना.

"ते गेल्या वर्षीचं," ती म्हणाली. "'वैयक्तिक कारणाने इंटर्नशिप सोडली' एवढंच लिही. खोटंही नाही तसं."

"सोडली नाही तिने, लिन."

"माहितीये मला. पण मृत्यू लिहिलास की ते विचारणार, तुम्ही मुलांची काळजी घेता का, तिला काही त्रास होता का, तुम्हाला कळलं कसं नाही. आणि हे तीन जीव त्यात अडकणार. गेलेल्या मुलीला त्याने काय मिळणार?"

लिन गेल्यावर संघमित्राने अहवाल उघडला. तिने ते वाक्य लिहिलं. खालच्या तक्त्यांतून अस्मिताचे तास वजा केले. बेरीज जुळली. जुळलेली बेरीज बघून तिला शांत वाटायला हवं होतं. उलट मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं झालं आणि ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

अहवाल पाठवण्याआधी मातुआ विरेमूंना दाखवायचा असे. ते केंद्राचे माओरी वडीलधारे. मातुआ म्हणजे आपण काका म्हणतो तसं. सगळेच त्यांना तशी हाक मारत. समिती आली की दाराशी तिचं स्वागत तेच करणार होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पानं चाळली.

"तुझं इंग्रजी भारी झालंय. मला झोप आली दोनदा."

"मातुआ, अशीच लिहायची पद्धत आहे."

"असेल." त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "त्या सकाळी मी उभा राहणार. जिवंत माणसांशी बोलायच्या आधी मी गेलेल्यांशी बोलतो. पाहुण्यांचे गेलेले, आपले गेलेले. हे तुला माहितीये."

"हो."

"पाहुणे नुसते येत नाहीत, आपली माणसं सोबत घेऊन येतात. मग आपल्याकडून मी कुणाला हाक मारू? अस्मिताला मारणारच. आणि त्यांच्या हातातल्या कागदावर काय, तर ती सोडून गेली. मग मी कुणाला निरोप देतोय?"

संघमित्राने पानं गोळा करून घेतली.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "पण नाव घ्यायचं नसेल तर मला आधी सांग. मी त्या दिवशी येणार नाही."

संध्याकाळी तिने नांदेडला फोन लावला. तिकडे दुपार होती. सुरेखाबाईंनी, अस्मिताच्या आईने, पहिल्याच रिंगला उचलला, आणि संघमित्राला वाटलं की या बाई अजून प्रत्येक फोन असाच उचलत असतील.

"काकू, मला तुमची परवानगी हवी होती. आमच्या अहवालात अस्मिताचं नाव लिहू का? ती कशी गेली, तेही."

"त्याने तिला काही होईल का?"

"नाही काकू. आता तिला काही होत नाही."

"तुम्हाला होईल?"

"होऊ शकतं."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला. "तिचे पप्पा म्हणतात, तिकडच्या लोकांनी विसरूनसुद्धा टाकलं असेल. लिहा तुम्ही. आणि तिने किती काम केलं तेही लिहा. तेवढं कुणी आम्हाला सांगितलंच नाही."

संघमित्राने रात्र होण्याआधीच ते 'सोडली'चं वाक्य खोडलं. तास परत घातले, वरच्या तक्त्यात चौथी ओळ घातली. खाली लिहिलं की इंटर्न असताना अस्मिताचा मृत्यू झाला, त्यानंतर केंद्राने पेशंटची तातडीने सोय लावली, आणि बाकीच्या इंटर्नची, मार्गदर्शकांची विचारपूस कुणी केली नाही. लिनने ते वाचलं. "बरं," एवढंच म्हणाली, आणि सही केली.

समिती आली तो दिवस पावसाळी, गार. मातुआ उभे राहिले. त्यांच्या आवाजात गेलेली माणसं एकेक करून दाराशी येऊन थांबल्यासारखी वाटत होती. मग त्यांनी अस्मिताचं नाव घेतलं, शेवटचा 'आ' लांबवून. समितीच्या प्रमुख, डनीडनहून आलेल्या एक वयस्क बाई, मान खाली घालून उभ्या होत्या. अहवालातून त्यांना ते नाव माहीत होतं.

नंतर खोलीत त्यांनी लिनला भीती होती तोच प्रश्न विचारला. "तुम्हाला कळायला हवं होतं, असं वाटतं?"

"माहीत नाही," संघमित्रा म्हणाली. "ते कळण्यासारखं होतं का, हेच मला ठरवता येत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि तुम्ही कुणाशी बोललात?"

हा प्रश्न लिनने सांगितला नव्हता. संघमित्राने मनातल्या मनात माणसं शोधली. विवेक, लिन, मातुआ. प्रत्येकाशी ती अस्मिताबद्दल बोलली होती, आणि स्वतःबद्दल एकाशीही नाही. तिने नकारार्थी मान हलवली. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मान्यता मिळाली, एका अटीवर. तिघांचं वर्ष वाचलं. अट अशी, की इंटर्नशिपच्या प्रमुखाने स्वतःसाठी बाहेरचा मार्गदर्शक घ्यावा आणि नियमित जावं. लिन म्हणाली, "स्वीट ॲज, मस्तच, ही तर सोपी अट आहे."

मार्गदर्शक बाई जवळच पापाकुराला राहायच्या, लीला त्यांचं नाव, फिजीत जन्मलेल्या, निवृत्तीला आलेल्या. खोलीत दोन खुर्च्या आणि मागे लिंबाचं झाड. त्यांनी विचारलं, कुठून सुरू करायचं.

संघमित्राला वाटलं होतं अहवालापासून सुरू करू. पण तोंडून निघालं, "मी त्या किनाऱ्यावर जाते. कुणालाच सांगितलेलं नाही, घरीही नाही. गाडी लावते. खाली उतरत नाही. पाणी बघते, आणि परत येते."

"एकट्याच असता?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. मग गाडीतल्या शेजारच्या रिकाम्या सीटचा विचार केला, निघताना दर वेळी तिकडचा पट्टा नीट लागलाय ना ते ती बघायची, हे आठवलं, आणि तिला हो म्हणता येईना.