चेहरा माझा, खालचं तुमचं

माझं एका जागी बूड टिकत नाही, हे घरच्यांचं जुनं गाऱ्हाणं आहे. परभणीकडून अंबरनाथला आले, वेस्टला खोली घेतली, शाळेत चित्रकला शिकवता शिकवता केस पिकायला लागले; तरी मला इथली म्हणून कुणी धरत नाही, आणि मीही स्वतःला धरत नाही. फक्त रांगोळीला लागले की तासन्‌तास हलत नाही. गुडघे टेकून, चहाच्या गाळणीतून रंग चाळत, श्वास आवरून. पंखा बंद, खिडक्या बंद. शिंक आली की बाहेर पळायचं.

गेल्या दिवाळीत बदलापूरच्या एका हॉलमध्ये व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्यांचं प्रदर्शन होतं. बाकीच्यांनी देव काढले, पुढारी काढले, नट्या काढल्या. मी एक माणूस काढला. इथल्याच एका बिल्डिंगच्या मैल्याच्या टाकीत तो साफसफाईला उतरला आणि जिवंत वर आला नाही. माझ्यासारखाच पोटासाठी मराठवाड्यातून आलेला. ना मास्क, ना दोर. पेपरात काय, तर एका कामगाराचा मृत्यू. कामगार म्हणे! टाकीत कुणाला उतरवतात आणि वर नाकाला रुमाल लावून कोण उभं राहतं, हे मला कुणी सांगायला नको. माझं डोकंच फिरलं होतं.

त्याच्या बायकोची आणि माझी विहारातली ओळख. तिनं मोबाइलमधला फोटो दिला. बारवी धरणावर गेले होते तेव्हाचा. मान वळवून हसतोय, केस ओले. "काढा ताई," म्हणाली, "लोकांना कळू द्या." चेहरा मी तोच घेतला. पण माणूस टाकीच्या तोंडातून छातीपर्यंत वर आलेला दाखवला, आणि अंगावर, कपाळावर, गालांवर, ओठांवर तो काळा मैला. त्या काळ्यासाठी उल्हासनगरातल्या रंगवाल्याचं डोकं खाल्लं. "मॅडम, काला तो काला होता है," म्हणायचा. नसतो हो शेठ, सगळा काळा सारखा नसतो.

उद्घाटनाच्या दिवशी काका आले. काका म्हणजे प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे कर्तेधर्ते, फॅक्टरीतून साहेब म्हणून रिटायर झालेले, एरवी भला माणूस. रांगोळीपाशी थांबले आणि वास आल्यासारखं नाक आक्रसलं.

"कला आहे हो तुमच्या हातात. पण सणासुदीचं हे? बायका-पोरं येणार. निदान चेहरा तरी स्वच्छ करा."

"मग तो टाकीत कशाला गेला होता काका, पोहायला?"

"तुम्ही लगेच अंगावर येता."

"येणारच. झाकायचं असेल तर मलाही सोबत झाका."

पुटपुटत गेले. मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग ती आली, त्याची बायको. इस्त्रीची साडी, केस चापूनचोपून. रांगोळीच्या कडेला उभी राहिली, मग खालीच बसली. मी आपली वाट बघतेय, आता काहीतरी म्हणेल.

"ताई, हे पुसा."

"काय?"

"तोंडावरचं. पुसा."

माझा पारा चढला. "काकांनी पढवलं का गं तुला?"

"कोण काका?" तिला खरंच माहीत नव्हतं. "ते असे कधी घरी आलेच नाहीत हो. कुठल्या तरी नळावर साबण लावून आंघोळ करायचे, शर्ट बदलायचे, मगच यायचे. चाळीत कुणाला पत्ता नव्हता काय काम करतात. मी हे तोंड कधीच बघितलं नाही. हॉस्पिटलातनंसुद्धा धुवूनच दिलं."

"अगं म्हणूनच तर! लोकांनी बघायला नको? धुतलेल्या चेहऱ्याकडं कोण बघणार आहे?"

"मी," ती म्हणाली.

झालं. मी उठले. हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, जिन्यापर्यंत गेले, परत आले. पुसावं तर काकांचं चांगलंच फावणार, आणि तो मेला कशानं हेच पुसलं जाणार. न पुसावं तर ही बाई इथं बसलेली. राग काढावा तरी कुणावर? शेवटी विटा आणि लांब फळी मागवली. रांगोळी एकदा झाली की मधल्या भागाला हात पोचत नाही. दोन्ही कडांना विटा रचून वर फळी टाकायची आणि तिच्यावर पालथं पडायचं. तशी पडले. खेळायच्या पत्त्याच्या कडेनं काळा थर चिमटी-चिमटीनं उचलला, वरून अंगाचा रंग चाळला. मानेच्या खाली बोट लावलं नाही.

"एवढे गोरे नव्हते," ती कडेवरून म्हणाली.

"बरं बाई," म्हटलं, आणि रंगात तपकिरी मिसळला.

तेवढ्यात काका डोकावले. खूश! "बघा, कसं प्रसन्न दिसतंय! आता खालचंही तेवढं..."

मी तोंड उघडायच्या आत ती बोलली, बसल्या जागेवरूनच. "काका, चेहरा माझा आहे. खालचं तुमचं आहे. ते राहणार."

काका तिच्याकडे बघत राहिले, मग रांगोळीकडे. ही कोण, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. आल्या पावली मागे फिरले. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. मी भराभरा हात चालवत उजव्या कानापाशी आले.

"तिथं थांबा ताई."

"अगं, कानामागं राहिलंय अजून."

"राहू द्या. तेवढं रोजच राहायचं. मी पदरानं पुसायचे."

मी फळीवर तशीच पालथी होते, बरोबर त्याच्या चेहऱ्याच्या वर. डोळ्यांतलं पाणी रांगोळीवर पडू नये म्हणून मान वळवली आणि गाळणी तिच्या हातात दिली.